लेकीच्या बाळंतपणाला बँकॉकला चालले आहे – अंगणातल्या त्या छोट्या देवळाचं काय करावं?

रामबागची_आई (इंदूर)

नमस्कार. मुलीचं पहिलं बाळंतपण. आपल्याकडे पहिलटकरणीला माहेरी आणायची रीत, पण डॉक्टरांनी तिला विमानप्रवास नको म्हणून सांगितलंय, तेव्हा मीच तिच्याकडे निघाले आहे. सव्वा महिना तरी राहीन. सियागंजातून वेखंड, बाळंतशेपा, डिंक, अळीव सगळं आणून ठेवलंय. सामानाची काळजी नाही. काळजी वेगळीच आहे, आणि घरात विषय काढला की वाद होतात, म्हणून इथे विचारते.

लेक-जावई बँकॉकच्या थोनबुरी भागात भाड्यानं राहतात. दुमजली घर, खाली घरमालकीण, वर हे दोघं. त्या साठीच्या आहेत, एकट्याच असतात, लेकीला फार जपतात. लेक त्यांना मावशीच म्हणते. अंगणाच्या कोपऱ्यात एका खांबावर छोटंसं सोनेरी देऊळ आहे आणि त्याच्या शेजारी जरा ठेंगणं, चार पायांवरचं लाकडी घरकुल. लेकीनं व्हिडिओ कॉलवर जवळ नेऊन दाखवलं. देवळात तलवार घेतलेली एक उभी मूर्ती, पुढे बोटभर उंचीच्या नर्तकी, हत्ती, घोडे. घरकुलात म्हातारा-म्हातारी बसलेले. समोर झेंडूची माळ, पाण्याचा पेला आणि लाल सरबताची उघडी बाटली, तिच्यात स्ट्रॉसुद्धा घातलेली.

मावशींनी लेकीला काही गोष्टी बजावल्या आहेत. दवाखान्यातून बाळ आलं की आधी या देवळापाशी सांगायचं. बाळाला कुणी ‘गोंडस’ म्हणायचं नाही. मनगटाला पांढरा दोरा बांधायचा. बाळंतिणीला विस्तवाजवळ निजवायचं. आणि म्हणे पहिले तीन दिवस बाळ ‘त्यांचं’ असतं, आपलं नसतं.

हे शेवटचं ऐकलं आणि माझ्या पोटात गोळाच आला.

यजमान म्हणतात, सगळा खुळचटपणा आहे, सोडून द्या. नणंदबाईंचं म्हणणं बरोबर उलटं: परमुलखातली भुतं कशाला अंगाला लावून घ्यायची, त्या कोपऱ्याकडे फिरकूच नका. लेक म्हणते, आई, मावशींचं मन मोडवत नाही. मला तिघांचंही थोडं थोडं पटतं आणि म्हणूनच झोप लागत नाही.

तिकडे राहिलेलं कुणी असेल तर नीट सांगा. ही भुताची पूजा आहे का? आपण एकदा तिथे हात जोडले, काही ठेवलं, आणि परत येताना बंद केलं, तर मागे काही लागतं का? आणि आपली पाचवी त्या घरात करता येईल का? सटवाईला आणि त्यांच्या देवाला एकमेकांचा अडथळा नाही ना होणार? प्रश्न कुणाला भाबडा वाटेल, पण नातवंडाचा आहे म्हणून विचारते.

---

नर्मदे_हर (इंदूर)

ताई, माझं स्पष्ट मत देतो. त्या देवळापुढे हात जोडा, मान द्या, पण नैवेद्य स्वतःच्या हातानं सुरू करू नका. ज्याला एकदा मान दिला त्याला तो पुढे देत राहावा लागतो. आमच्या कुळात शेताच्या बांधावरच्या म्हसोबाचं असंच आहे. पणजोबांनी एका संकटात कबूल केलं, ते आम्ही चौथ्या पिढीत पाळतोय, गाव सुटलं तरी. तुम्ही रोज संध्याकाळी रामरक्षा म्हणा, बाळाला अंगारा लावा. आपलं आपल्यापाशी असलेलं बरं. मावशींना वाईट वाटणार नाही असं गोड बोलून सांगता येईल.

---

कालव्याकाठची (इंदूर)

रामबागच्या ताई, मी अन्नपूर्णा रोडवर राहते. त्याआधी बरीच वर्षं थोनबुरीतच काढली. यजमान तिथे सूतगिरणीत होते. माझा धाकटा तिथेच जन्मला. त्यामुळे तुमच्या पोटातला गोळा मला चांगला ठाऊक आहे. सविस्तर लिहिते, सावकाश वाचा.

आधी ते ‘तीन दिवस’. पूर्ण म्हण अशी आहे: तीन दिवस भुताचं लेकरू, चौथ्या दिवशी माणसाचं. घरी बाळंतपणं होत होती त्या काळातली ही म्हण. न्हाऊ घातलेलं बाळ सुपात ठेवायचं. सुईण ते सूप हलकेच हलवत ही म्हण म्हणायची आणि विचारायची, हे कुणाचं बाळ, ज्याचं असेल त्यानं घेऊन जा. मग घरातली एखादी भरल्या ओटीची, हाताला यश असलेली बाई पुढे व्हायची, ‘माझं’ म्हणायची, एक नाणं टाकायची आणि बाळ उचलून घ्यायची. म्हणजे टपून बसलेल्यांना कळावं की सौदा झाला, आता या बाळावर त्यांचा हक्क नाही. धमकी नाही हो ती. पोर जगावं म्हणून केलेली सोडवणूक आहे.

आता तुम्हीच आठवा. माझं आजोळ खानदेशातलं. तिथे सुपडू नावाचे म्हातारे होते. आधीची मुलं गेलेली, म्हणून या मुलाला सुपात घालून शेजारणीला ‘दिलं’ आणि मूठभर धान्य टाकून परत ‘घेतलं’, म्हणून सुपडू. दगडू, धोंडू, केरबा, भिकू ही नावं कुठून आली? कुणाची नजर पडू नये, मृत्यूला वाटावं की हे टाकाऊ आहे, यासाठीच ठेवलेली ना? थायलंडात आजही मोठमोठ्या माणसांची घरगुती नावं बेडूक, उंदीर, डुक्कर, कोंबडी अशी असतात. बाळाला गोंडस म्हणायचं नाही तेही याचसाठी. तिथली जुनी बाई बाळ पाहून म्हणते, ‘काय मेलं किळसवाणं, ओंगळ’ आणि म्हणताना तिचे डोळे पाण्यानं भरलेले असतात. माझ्या धाकट्याला पहिल्यांदा असं म्हटलं तेव्हा मीसुद्धा चपापले होते. आपण तीट लावून चांगला चेहरा मुद्दाम बिघडवतो, त्या शब्दांनी बिघडवतात.

त्या नाणं टाकून घेणाऱ्या आईवरूनच ‘मे-स्यू’ नावाची बाळाची राखणदारीण आली, असं तिथली माणसं सांगतात. वाराप्रमाणे सात. रविवारची सिंहमुखी, सोमवारची घोड्याच्या तोंडाची, बुधवारची हत्तीमुखी. बँकॉकच्या वाट फो या मोठ्या देवळात त्यांची चित्रं आहेत; वेळ मिळाला तर लेकीसोबत जाऊन बघा. बाळ झोपेत हसलं की तिथे म्हणतात, मे-स्यू खेळवते आहे. दचकून रडलं की म्हणतात, मे-स्यू चिडवते आहे. मी हे ऐकलं तेव्हा माझी आईच बोलते आहे असं वाटलं. आपण नाही का म्हणत, सटवाई हसवते, सटवाई रडवते?

यापुढची गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. ज्या शक्तीची भीती वाटते तिच्याच हाती मूल सोपवायचं, ही रीत तिथेही आहे आणि आपल्याकडेही. मे-स्यू बाळाला त्रासही देते आणि सांभाळतेही. सटवाई पोर नेते अशी धास्ती, आणि पाचवीला पाट मांडून, विळा ठेवून, दिवा तेवत ठेवून बोलवायचंही तिलाच. श्रावणात भिंतीवर जिवतीचा कागद लावतो, त्यातली जरा मूळची कोण? राक्षसी. जरासंधाची दोन शकलं सांधणारी ती. तिलाच आपण मांडीवर पोरं देऊन बसवलं आणि शुक्रवारी तिच्यासमोर लेकरांना ओवाळतो. म्हणून सटवाईला आणि त्यांच्या देवाला एकमेकांचा अडथळा होईल का, या तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर अगदी मनापासून ‘नाही’ असं आहे. एकाच दारावर दोन राखणदारणी बसल्या तर भांडतील कशाला?

आता ते अंगणातलं देऊळ. एका खांबावरचं आहे ते ‘फ्रा फूम’चं, म्हणजे त्या जमिनीच्या धन्याचं. त्याच्या हातात तलवार असते आणि दुसऱ्या हातात बहुधा थैली. शेजारचं ठेंगणं घरकुल ‘ता-याय’ यांचं, आजोबा-आजीचं; त्या जागेवर पूर्वी राहून गेलेल्या वडीलधाऱ्यांचं. समजूत अशी की जमीन आधी त्यांची. आपण घर बांधतो म्हणजे त्यांना हुसकावतो, तर त्यांना निदान एक बरंसं घर द्यावं. घराची सावली त्या देवळावर पडू नये याचीसुद्धा काळजी घेतात. स्थापनेला ब्राह्मण किंवा जाणता माणूस बोलावतात, मुहूर्त पाहतात. आपण वास्तुशांतीत वास्तुपुरुष पुरतो, वेशीवरच्या देवाला नारळ फोडतो. त्याहून हे वेगळं मला कधी वाटलं नाही. नणंदबाईंना सांगा, भूत म्हणून घाबरावं असं त्यात काही नाही. तिथे खरी घाबरायची भुतं निराळी असतात आणि त्यांच्यासाठी कुणी अंगणात देऊळ बांधत नाही.

लाल सरबताचं सगळेच विचारतात. पूर्वीच्या बळीच्या रक्ताच्या जागी ते आलं, असं बरेच लोक सांगतात. माझी शेजारीण म्हणायची, गोड आहे, पोरांना आवडतं, देवालाही आवडत असेल. मला तिचं उत्तर जास्त आवडायचं.

ही शेजारीण एप्रिलमध्ये, सोंगक्रानच्या म्हणजे तिथल्या नववर्षाच्या आधी, देवळातल्या सगळ्या बाहुल्या खाली काढायची. परातीत पाणी, त्यात सुगंधी अत्तराचे थेंब, आणि जुना दात घासायचा ब्रश. एकेका नर्तकीच्या मुकुटाच्या खाचांमधली उदबत्तीची काजळी ती हळूहळू काढायची, फडक्यानं टिपायची आणि प्रत्येकीला तिच्याच जागी परत ठेवायची. एका हत्तीची सोंड तुटली होती, ती तिनं डिंकानं चिकटवली होती. मला मदतीला बसवायची पण ता-यायना हात लावू द्यायची नाही; ते तिचं स्वतःचं काम. आपण गौरीचे मुखवटे पुसतो तेव्हा जो हात असतो, तसाच तिचा हात होता.

तुम्ही काय करायचं? भाडेकरू म्हणून तुमच्यावर कसलंच बंधन नाही. तो मान मालकिणीचा, ती करतेच आहे. तुम्ही पोचलात की एक माळ, पेलाभर पाणी, हवं तर केळी. सकाळी करायचं, दुपारचे बारा वाजायच्या आत. उदबत्ती लावा आणि मराठीतच सांगा, मी अमुक, लेकीसाठी आले आहे, एवढे दिवस राहीन. उदबत्ती विझली की परवानगी मागून केळी उचलायची. ती प्रसाद म्हणून खातात. निघताना पुन्हा सांगा, येते. झालं. मागे काही लागत नाही.

एक मात्र लक्षात ठेवा. नवस बोलू नका. नर्मदे हर यांनी म्हसोबाचं लिहिलं ते इथे लागू पडतं. अर्पण करणं आणि नवस करणं तिथेही दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि बोललेला नवस फेडावाच लागतो. राचाप्रसोंग चौकात एरावानचं चतुर्मुख ब्रह्मदेवाचं देवस्थान आहे, १९५६ सालचं. हॉटेलच्या बांधकामात विघ्नं येत होती म्हणून ज्योतिषाच्या सल्ल्यानं ते स्थापलं. तिथे नवस फेडायला लोक पैसे भरून नर्तकींचं नृत्य करवतात, लाकडी हत्ती वाहतात. सुखरूप सुटका होऊ दे एवढं कुठेही मागा. ‘झाली तर अमुक करीन’ असं तिथे बोलू नका, कारण फेडायला तुम्हाला पुन्हा जाता येईलच असं नाही.

दोरा भिक्षूंच्या मंत्रपठणातला असतो. माणसात बत्तीस ‘ख्वान’, म्हणजे जीव धरून ठेवणारे प्राणांश, असतात, भीतीनं ते सैरभैर होतात, आणि दोरा बांधून त्यांना अंगात परत बोलवायचं अशी श्रद्धा. बांधणारी बाई मनगटावर दोरा फिरवताना पुटपुटून आशीर्वाद देते. घेऊ द्या बांधून, लेकीलाही आणि तुम्हालाही. महिन्यानंतर बाळाचं जावळ काढतात तेव्हाही बांधतात.

विस्तवाचं कुणी डॉक्टरी माहिती असलेलं सांगेल तर बरं. माझ्या वेळी विस्तव नव्हता. दवाखान्यातून आल्यावर काही दिवसांनी एक जाणती बाई यायची. मडक्यात मीठ तापवायचं, आल्याच्या जातीचा प्लाय नावाचा कंद आणि पानं घालून ते मडकं कापडात बांधायचं आणि पोटा-कंबरेवर दाबून शेकायचं. मला फार बरं वाटायचं.

---

रामबागची_आई (इंदूर)

ताई, किती मनापासून लिहिलंत. यजमानांना मोठ्यानं वाचून दाखवलं. जरेचं वाचताना ते उठून गेले नाहीत, ऐकत बसले. तीन दिवसांचं कळल्यावर माझं मन पुष्कळ हलकं झालं. विस्तवाबद्दल मात्र धाकधूक आहेच. वरच्या मजल्यावर लाकडी जमीन आहे आणि वातानुकूलित खोली, खिडक्या बंद असतात.

---

नवजात_कक्ष (इंदूर)

ताई, मी परिचारिका, नवजात बाळांच्या विभागात बरीच वर्षं काम केलेली. विस्तवाबद्दल अजिबात भीड ठेवू नका. बंद खोलीत कोळशाची शेगडी नको म्हणजे नको. आपली शेक-शेगडी असो की त्यांचं निजणं. कोळशाचा वायू दिसत नाही, त्याला वास नाही, आणि बाळ-बाळंतीण झोपेतच गुदमरतात. मीठ-मडक्याचा शेक डॉक्टरांना विचारून. टाके असतील, सिझेरियन असेल तर पुष्कळ उशिरा. धुरी, उदबत्ती बाळाच्या खोलीत नको, अंगणात खुशाल.

नाळेला काहीही लावायचं नाही. तेल, हळद, राख, अंगारा, काही नाही. कोरडी आणि स्वच्छ ठेवायची, आपोआप गळते. तीट लावायची तर तळपायाला लावा. डोळ्यांत काजळ नको. मध चाटवू नका, वर्षाच्या आत मधातून घातक विषबाधा होऊ शकते. दोरा बांधा, पण बोट सहज जाईल इतका सैल, आणि लोंबतं टोक कापून टाका. बाळाच्या बोटाला धागा गुंडाळून रक्त अडतं, असे प्रसंग मी पाहिले आहेत. कुणीही येवो, आधी साबणानं हात.

त्या तीन दिवसांच्या आणि पाचवीच्या भीतीबद्दल माझ्या कामातून आलेलं सांगते. नवजात बाळांचे जे मृत्यू होतात त्यांतले सुमारे तीन-चतुर्थांश आजही पहिल्या आठवड्यातच होतात. पूर्वी विळ्यानं, बांबूच्या चिपेनं नाळ कापत, आणि धनुर्वात व्हायचा. तो पहिल्या दोन आठवड्यांत दिसतो. चांगलं दूध पिणारं बाळ एकाएकी पिणं सोडतं, अंग ताठ होतं. घरच्यांना काय वाटणार? सटवाईनं गाठलं. म्हणून मी पाचवी जागवणाऱ्या बाईला कधी नावं ठेवत नाही. रात्रभर बाळावर नजर ठेवायची ती सबब होती. तुम्हीही ठेवा. बाळ प्यायला कुरकुरलं, फार झोपाळू झालं, अंग तापलं किंवा गार पडलं, हातपाय पिवळे दिसले, तर ना मावशी, ना सटवाई, थेट दवाखाना.

---

लष्करवाला (ग्वाल्हेर)

मी दगडकामाच्या जतनाच्या कामावर कंबोडियात, सियाम रीपला होतो. भुताची पूजा का, या प्रश्नावर तिकडचा एक अनुभव.

आपला पितृपंधरवडा असतो साधारण त्याच सुमाराला ख्मेर लोकांचा प्चुम बेन असतो. पंधरा दिवस, शेवट अमावास्येला. त्या दिवसांत भुकेल्या प्रेतांना मोकळीक मिळते आणि ती आपापल्या माणसांना शोधत विहारांमधून हिंडतात अशी समजूत. त्यांचं तोंड सुईच्या छिद्राएवढं, आणि उजेड सहन होत नाही, म्हणून पहाटे चारच्या सुमाराला, अंधारातच लोक विहाराभोवती प्रदक्षिणा घालत भाताचे गोळे टाकतात. चिकट भात आणि त्यात तीळ. मी ते तीळ पाहिले आणि थबकलो.

त्याच आठवड्यात वडिलांची तिथी होती. ग्वाल्हेरला मोठा भाऊ करायचा, त्या वर्षी तो आजारी होता, आणि मला तिथे गुरुजी कुठून मिळणार. आमच्या गाडीच्या चालकाची आई म्हणाली, आमच्याबरोबर चल. तिनं माझ्या हातात केळीच्या पानावर गोळे दिले. सात विहारांत जाऊन शोधूनही आपल्या नावाचं अन्न मिळालं नाही तर पितर रागावतात म्हणे, म्हणून ती म्हातारी एवढी धडपडत होती. मी वडिलांचं नाव घेतलं, गोत्र उच्चारलं आणि गोळे टाकले. अनवाणी, ओल्या गवतात. घरी येऊन भावाला फोन केला, तो म्हणाला, पोचलं असणार. माझाही तसाच विश्वास आहे.

आणखी एक. तिकडच्या खेड्यात साथ आली की लोक दारात बुजगावणं उभं करतात, त्याला तिंग-मोंग म्हणतात. जुना सदरा, डोक्यावर घमेलं किंवा हेल्मेट, हातात काठी. रोगाच्या भुताला वाटावं, इथे पहारेकरी आहे. २०२० साली करोनात पुष्कळ घरांपुढे ती उभी राहिली, आणि तीच माणसं तोंडाला मुखपट्टीही बांधत होती. दोन्ही करत होती. तुमच्या यजमानांना एवढंच सांगा.

---

क्वालालंपूरहून_इंदूरकर

मावशी, मी मूळची मल्हारगंजची, माझं बाळंतपण इथे मलेशियात झालं. इथल्या मलय शेजारणी चव्वेचाळीस दिवस ‘पंतांग’ पाळतात: गरम खायचं, पोट बांधायचं, तेलमालिश, बाहेर पडायचं नाही. आपल्या सव्वा महिन्याची सख्खी बहीणच. माझी आई पोचायच्या आत शेजारणींनीच मला आलं घातलेलं खायला आणून दिलं.

पण एक कळकळीची विनंती. त्या भागात बाळंतिणीवर टपणाऱ्या भुतांच्या गोष्टी फार. इथे पोंतियानाक, बाळंतपणात मेलेली बाई, आपली हडळच. ती आली की चाफ्याचा वास येतो म्हणतात, आणि इथल्या दफनभूमीत चाफ्याची झाडं असतात. थायलंडात क्रासू, नुसतं मुंडकं आणि खाली लोंबणारी आतडी, रात्री उजेडासारखी तरंगत येते. ती अडकावी म्हणून घराखाली बोरीच्या काट्या पसरायचे. बँकॉकमध्ये तर बाळंतपणात गेलेल्या मे नाकचं वाट महाबूतमध्ये देवस्थान आहे, लोक तिला पोरांची खेळणी आणि कपडे वाहतात. दिवसाउजेडी ऐकायला हे सगळं चांगलं आहे. ओल्या बाळंतिणीला, मध्यरात्री पाजायला उठलेली असताना, हे कुणी सांगू नये. मला एका हितचिंतक बाईनं सांगितलं होतं आणि मी कित्येक रात्री खिडकीकडे बघत रडत बसायचे. ते नुसतं भुताचं भय नव्हतं, बाळंतपणानंतरची मनाची अवस्था होती, आणि डॉक्टरांकडे गेल्यावरच त्यातून बाहेर आले. मावशी, तुमच्या लेकीच्या कानावर या गोष्टी येऊ देऊ नका, आणि ती गप्प गप्प राहायला लागली, रडायला लागली, तर ‘दृष्ट लागली’ म्हणून मीठ-मोहऱ्या ओवाळा, पण तेवढ्यावर थांबू नका.

---

नर्मदे_हर (इंदूर)

वाचून बरं वाटलं. लष्करवाल्यांचं वाचून तर फारच. नवस नको, एवढं माझं म्हणणं मात्र कायम.

---

रामबागची_आई (इंदूर)

सगळ्यांचे आभार. क्वालालंपूरच्या पोरी, तुझं लिहिलेलं जावयाला पाठवलं, त्यानंही लक्ष ठेवावं म्हणून. विस्तवाला नाही म्हणायचं, मीठ-मडक्याचं डॉक्टरांना विचारायचं, दोरा सैल बांधायचा, हे सगळं लेकीशी बोलून ठरवलं. नणंदबाई अजून धुसफुसतात, पण काल त्यांनीच मावशींसाठी माहेश्वरी साडी आणून दिली.

कालव्याकाठच्या ताई, एक राहिलंच. पाचवीला पाटा-वरवंटा कुठून आणू? आणि मावशींना आधी सांगावं की नंतर?

---

कालव्याकाठची (इंदूर)

पाटा विमानात नेऊ नका, उगीच वजन. तिथे प्रत्येक स्वयंपाकघरात दगडी खल असतो, ‘ख्रोक’ म्हणतात. लाकडी नको, दगडीच घ्या. त्याचा बत्ता धुऊन, हळद-कुंकू लावून पाटावर ठेवा; मी तसंच केलं होतं. कोरा कागद आणि पेन इथूनच न्या. विळा मिळाला नाही तर घरातली सुरी चालते, फक्त बाळापासून लांब, उंचावर. दिवा समईचाच हवा असं नाही, पण पडदे आणि लाकडी जमीन आहे म्हणता, तर ताटात पाणी घालून त्यात ठेवा आणि कुणीतरी जागं राहा.

मावशींना आधीच सांगा. त्यांच्या घरात आपल्या देवीला बोलवायचं तर त्यांच्या कानावर घातलेलं बरं. त्या बहुधा लगेच विचारतील की तुमच्या देवीला काय आवडतं. तेव्हा पुरणाचे दिवे, वरणभात, काय करणार असाल ते सांगा, आणि रात्री जागायला त्यांना वर बोलवा.